ऑक्टोपस, रक्ती आणि आईचा हात

माझ्या आईनं वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऑक्टोपस पाहिला आणि त्याच दुपारी तो शिजवून दाखवला. पुस्तक न बघता, कुणाला न विचारता. हे मी लातूरला माझ्या ऑफिसात सांगितलं आहे, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं आहे, डोळे तपासणाऱ्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं आहे. ऐकणारे हसतात. मी हसत नाही, कारण मला त्याचा खरोखर अभिमान आहे. फक्त तो मिरवण्याआधी मला एक गोष्ट कबूल करावी लागली, आणि ती मी अठरा वर्षं कबूल केली नव्हती. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मुलगी आमची एकुलती एक. हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली. आमच्या नात्यात शिक्षक आहेत, नर्स आहेत, तलाठी आहेत. एक जण तहसीलदारही झाला. पण पगार घेऊन स्वयंपाक करणारी ही पहिलीच. सुरुवातीला लोकांना सांगताना माझी जीभ जड व्हायची. "हॉटेलात असते" म्हटलं की समोरचा गप्प व्हायचा आणि मी घाईघाईनं हॉटेल किती मोठं आहे ते सांगत बसायचो.

मागच्या हिवाळ्यात मी आणि बायको तिला भेटायला गेलो. तिनं आम्हाला तिच्याच हॉटेलात जेवायला बसवलं. पांढऱ्या ताटात एक वळलेला पाय आला, जांभळट, कडेनं थोडा करपलेला, खालच्या बाजूला बटणांची रांग लावावी तशा गोल वाट्या. मुलगी डोक्यावर टोपी घालून शेजारी उभी होती. "पप्पा, ऑक्टोपस. मी भाजलाय."

बायकोनं ताट हळूच माझ्याकडं सरकवलं. मला वाटलं होतं रबरासारखं लागेल. तसं नव्हतं. मऊ होतं, किंचित गोडसर, वरून विस्तवाचा वास. मी माझा वाटा संपवला, बायकोचाही संपवला आणि मग फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला: 'लेकीच्या हातचा ऑक्टोपस'. पटापट अंगठे आले. एका सहकाऱ्यानं लिहिलं, "साहेब, तुम्ही तर आता इंटरनॅशनल!" ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

परतीच्या गाडीत मात्र खिडकीपाशी बसून मला एक गोष्ट टोचायला लागली. आठ पायांचा समुद्रातला प्राणी खाल्ला, हे मी ज्या लोकांना कौतुकानं कळवलं, त्याच लोकांपासून मी माझ्या आईच्या हातचं जेवण इतकी वर्षं लपवलं होतं. नुसतं लपवलं असतं तरी चाललं असतं. मी त्याहून वाईट केलं होतं. पण त्या दिवशी मी ते मनातल्या मनात झाकून टाकलं आणि फोटोखाली आलेले अंगठे पुन्हा मोजले.

मुलगी दर रविवारी नांदेडला आजीला फोन करते. आजीचा पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" मुलगीही हातचं न राखता सांगते. गोगलगाय खाल्ली. बदकाचं काळीज खाल्लं. निळी बुरशी आलेलं चीज खाल्लं.

"बुरशी आलेलं मुद्दाम खातेत?"

"हो आजी, मुद्दाम बुरशी आणतात."

"मग आपली शिळी भाकर कामून फेकून दिऊन राहिलो आपण?"

ऑक्टोपसचं मात्र आईनं मुलीला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आठ पाय? मग बसतंय कसं?" आणि शेवटी, "आण एकदा. बघू तरी."

मुलीनं ते मनावर घेतलं. उन्हाळा लागता लागता तीन दिवसांची सुट्टी काढून ती सकाळच्या गाडीनं नांदेडला उतरली, ती थर्माकोलचा डबा छातीशी धरूनच. मी आणि बायको आदल्या दिवशी लातूरहून अहमदपूर, लोहा करत बसनं आलो होतो. आईचं घर दोन खोल्यांचं, पुढं फरशी घातलेलं अंगण, कोपऱ्यात नळ. वस्ती सगळी आमच्याच लोकांची, गल्लीच्या टोकाला बुद्धविहार. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहते, आणि कुणी 'एकटी' म्हटलेलं तिला चालत नाही.

अंगणात डबा उघडला. बर्फात दोन ऑक्टोपस, पाय पोटाशी घेऊन पडलेले. आईनं चष्मा लावला.

"अगं माय माय! हे तर झोपलंय."

शेजारची काकू भिंतीवरून डोकावत होती. ती आणि आई चाळीस वर्षं एकमेकींना बोलून घेतात. "म्हातारे, बकरं पुरलं न्हाई का गं तुला? आता समुद्रातलं बी सोडंना गेलीस!"

"तू गप. तुला ह्याचा वास बी देणार न्हाई."

आईनं एक पाय उचलला, दोन बोटांत दाबला, ओढून पाहिला, वास घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. घाण वाटली, भीती वाटली, असं काहीच तिथं नव्हतं. बाजारात म्हैस बघणारा माणूस जसा बघतो तशी ती बघत होती.

"हाडं?"

"नाहीत आजी. एकही नाही."

"मग हे वजडीचं भावंड हाय. दे इकडं."

आमच्याकडं बकऱ्याच्या पोटाला वजडी म्हणतात. ती साफ करणं हे मोठं कसबाचं काम आहे. गरम पाणी किती गरम, चुना किती, खरवडायचं कुठवर, हे ज्याला जमलं त्याची वजडी पांढरीशुभ्र निघते. आईनं ऑक्टोपसला खडं मीठ चोळलं, प्रत्येक वाटीत बोट फिरवलं, नळाखाली धरला, पुन्हा चोळला. डोक्याची पिशवी उलटी करून आतलं सगळं काढलं. मुलगी शेजारी उकिडवी बसून बघत होती. "आजी, आम्ही अगदी असंच करतो. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पायजे? बुळबुळ हाय, म्हणजे मीठ."

मग तिनं जाड बुडाचं पातेलं चढवलं, जरासं तेल, ठेचलेला लसूण, आणि ते दोन्ही ऑक्टोपस अख्खेच आत. वर ताट झाकून ताटात पाणी ओतलं.

"आत पाणी नाही घालत?" बायकोनं विचारलं.

"न्हाई. त्याचं पाणी त्याला सुटतंय. वरून पाणी घातलं की चामडं झालं म्हणून समज. अन् मीठ बी आता न्हाई, मऊ झाल्यावर."

मुलीनं फोनवर हे सगळं टिपलं आणि तिच्या मोठ्या शेफना पाठवलं. पातेलं मंद आचेवर तासभर होतं, तेवढ्यात त्यांचं उत्तर आलं: आजींना विचार, पाणी किती घातलं?

"त्याला सांग, घातलंच न्हाई," आई म्हणाली. "अन् म्हणावं, आचेवर ध्यान दे, फोनवर न्हाई."

तासाभरानं काडी टोचून पाहिली तर लोण्यात जावी तशी गेली. मग तुकडे केले, भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि घरचा येसूर घालून परतले. येसूर म्हणजे आमच्या मराठवाड्यातलं भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. मटणाच्या रश्श्याला दाटपणा येतो तो त्यानं. ऑक्टोपसला येसूर लावणारी माझी आई जगात पहिलीच असावी. वास सुटला तेव्हा काकू ताटली घेऊनच आली आणि आईनं न बोलता तिला वाढलं. ताटलीवर पदर झाकून ती आपल्या घरी परत गेली.

आम्ही चौघं आत जेवायला बसलो. आईनं मला वाढलं, बायकोला वाढलं, स्वतःला घेतलं. मुलीच्या ताटात तिनं वरण, भात आणि बटाट्याची भाजी वाढली.

मुलगी हसली. "आजी, मला?"

"तुला न्हाई."

"अगं, मी आणलाय!"

"आणलास, लई बेस केलंस. पर तुला माझ्या हातचं असलं सोसत न्हाई."

"आजी, मी हे तिकडं रोज खाते."

"तिथं खा. तिथं मोठे शेफ हायेत." आई शांतपणे म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन तू एकदा मरता मरता वाचलीस. मी पुन्यांदा न्हाई करणार ते."

माझा घास हातातच राहिला.

काय झालं होतं ते सांगतो. मुलगी चार वर्षांची होती. आम्ही लातूरला नवीन, भाड्याच्या घरात राहत होतो. घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी विचारलं होतं, "नॉनव्हेज वगैरे?" आणि मी म्हणालो होतो, "छे, अंडंसुद्धा नाही." एवढं सांगायची गरज नव्हती. त्यांनी आडनाव विचारलं नव्हतं आणि ते विचारू नये म्हणून मी पुढचं पुढं बोलून गेलो. बायको शाळेत शिक्षिका, म्हणून मुलीला सांभाळायला आई नांदेडहून येऊन राहिली होती. लातूरच्या घरात, लोकांसमोर, मी तिला आई म्हणायचो. नांदेडला माय म्हणतो.

एका रविवारी मी ऑफिसच्या कामाला बाहेर होतो. आईनं सकाळी खाटकाकडून रक्ती आणली. रक्ती म्हणजे बकऱ्याचं रक्त. ते थिजतं, मग उकळून, बारीक करून, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून परततात. आईच्या हातच्या रक्तीला आमच्या वस्तीत नाव होतं. कुणाकडं बोकड कापलं की आधी तिला निरोप जायचा, मग खाटकाला. पोरीच्या अंगात रक्त भरावं म्हणून तिनं ती नातीला भाकरीत कुस्करून भरवली. संध्याकाळी मी जिन्यात शिरलो तेव्हा मुलगी घरमालकिणीला मोठ्या आवाजात सांगत होती, "आजीनं मला रक्ताची भाजी दिली!"

घरमालकीण वाईट काही बोलली नाही. "लहान मुलं काहीही बोलतात," एवढंच म्हणून आत गेली. मला मात्र जिन्याच्या पायऱ्या दिसेनात.

त्याच संध्याकाळी मुलीच्या अंगावर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, ताप भरला. बायको माहेरी गेली होती, म्हणून मी एकटाच तिला घेऊन डॉक्टरकडं धावलो. त्यांनी विचारलं, औषध काय चालू आहे? खोकल्यासाठी दोन दिवसांपूर्वी नवीन औषध सुरू केलं होतं. बाटली बघून ते म्हणाले, "हे याचंच आहे. बंद करा, दुसरं देतो." मी मुद्दाम विचारलं, "सकाळी रक्ती खाल्लीय, त्यानं तर नाही?" ते म्हणाले, "नाही हो. आमच्याकडंही करायचे."

घरी आलो. आई दारातच उभी होती, रडून रडून चेहरा सुजलेला. "कशानं झालं रे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "त्या रक्तीनं."

ठरवून म्हणालो नाही. पण तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मी ते परत घेतलं नाही. मला वाटलं, आता पुन्हा ती करणार नाही, प्रश्न मिटला. प्रश्न खरंच मिटला. दुसऱ्या दिवशी ती नांदेडला गेली आणि त्यानंतर लातूरच्या घरी कधी मुक्कामी राहिली नाही. सकाळच्या बसनं यायची, दुपारच्या बसनं जायची. नातीला तिनं आपल्या हातचं वरण, भात, शेवया यापलीकडं काही दिलं नाही. आणि रक्ती करणं तिनं पूर्ण सोडलं. कुणाच्याही घरी, कुणासाठीही. बोलवायला आलेल्या बायकांना म्हणायची, "माझा हात खराब झालाय." हळूहळू निरोप यायचे बंद झाले. मी हे सगळं बघत होतो. दरवर्षी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. मग वाटायचं, आता इतकी वर्षं झाली, सांगून काय होणार.

आणि आता ती माझ्यासमोर बसून, जगातला सगळ्यात अवघड जिन्नस पहिल्या प्रयत्नात शिजवून, स्वतःच्या नातीच्या ताटापासून तो लांब ठेवत होती.

"माय," मी म्हणालो. "ती तुझ्या हातानं आजारी पडली न्हवती."

"काय म्हणून राहिलास?"

"औषधानं चट्टे उठले होते. खोकल्याच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं मला."

"कधी?"

"त्याच दिशी."

"अन् मला कधी सांगून राहिलास?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"लेकरा, तुला इचारून राहिले."

"आज," मी म्हणालो.

आईनं आपल्या अर्ध्या जेवलेल्या ताटावर दुसरं ताट झाकलं. मग पातेल्यातला एक तुकडा घेतला, भाकरीच्या तुकड्यावर ठेवला आणि नातीच्या तोंडापुढं धरला. मुलीनं तोंड उघडलं. आई म्हणाली, "चावून खा," आणि उठून अंगणात गेली.

मुलगी रडत नव्हती, पण तिचा आवाज बदलला होता. "पप्पा, नोकरीच्या फॉर्मवर मी लिहिलंय की मला रक्ताचे आणि आतड्यांचे पदार्थ चालत नाहीत. कॉलेजात त्या प्रॅक्टिकलला मी बाहेर उभी राहिले. सगळे हसले होते." बायको नुसतं म्हणाली, "मला तरी सांगायचंत." तिलाही मी तेच सांगितलं होतं जे आईला.

मी अंगणात गेलो. आई नळापाशी बसून सकाळीच घासून ठेवलेलं एक भांडं पुन्हा घासत होती.

"दे, मी घासतो."

"नको."

भिंतीपलीकडं काकूचा रेडिओ चालला होता, तो तिनं बंद केला, म्हणजे ती ऐकत होती. मग आई बोलली, माझ्याकडं न बघता.

"माझा भाऊ नायगावला अंथरुणाला खिळला होता तवा म्हणला, अक्का, तुझ्या हातची रक्ती खावी वाटून राहिली. मी म्हणलं, भावा, माझा हात खराब हाय, तुला काही झालं म्हंजे? तसाच गेला तो."

मला हे ठाऊक नव्हतं.

"तुला लाज वाटत व्हती तर लाज वाटते म्हणायचं. मी केली नसती. माझ्या लेकाला माझी लाज वाटते, हे मी गिळलं असतं. दुसऱ्यांची बी लेकरं करतेत तसं. पर मला मारेकरी कामून केलास?"

"माय, चुकलं."

"माझ्या सासऱ्यानं धर्म घेतला तवा मेलेलं ढोर वढायचं सोडलं, खायचं सोडलं. त्या दिसापासून ह्या घरात जे आलं ते ताजं, बघून आणलेलं, अन् मी सून होऊन आले तवापासून माझ्या हातानं सात पाण्यांनी धुतलेलं. ह्यात लाजायसारखं काय व्हतं, एवढं तरी सांग."

आज मला एवढंच कळतं, की ज्या बाईला आपल्या स्वयंपाकाचा इतका स्वच्छ, इतका सरळ अभिमान होता, तिच्याकडून तो मी काढून घेतला, कारण माझ्याकडं माझा स्वतःचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. नातीशी मात्र बोलत होती. दिवेलागणीच्या आधी तिनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "पोरीला पुढची सुट्टी कधी हाय ते इचार. लातूरला येते मी. राहायला."

तीन आठवड्यांनी ती आली. दोन पिशव्या, एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. रविवारी सकाळी तिनं तो डबा माझ्या हातात दिला. "जा. ताजी बघून आण. डब्यात चिमूटभर मीठ टाकलंय, धू नको. अन् पिशवीत लपवून आणायची न्हाई."

आता आमचं लातूरला स्वतःचं घर आहे, घरमालक कुणी नाही. तरीही मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहताना तो डबा मला जड वाटत होता. आणि माझ्या मागे कोण असावं? ग्रुपवर मला इंटरनॅशनल म्हणणारा सहकारी.

"साहेब, डबा घेऊन?"

"रक्ती न्यायचीय."

त्याच्या कपाळावर आठी पडली. "रक्ती म्हणजे..."

"बकऱ्याचं रक्त. माझी आई करते. त्या ऑक्टोपसचा फोटो टाकला होता बघा, त्याच्यापेक्षा हे शंभर पटीनं भारी."

मी हे जरा मोठ्यानं बोललो असेन, कारण खाटीकही वर बघून हसला. सहकाऱ्यानं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्याजवळ सरकला. "आमच्या आजोळी करायचे हो. देवणीकडं. लहानपणी खाल्लीय. बायकोला सांगू नका."

"मग या जेवायला."

"बघतो," तो म्हणाला, आणि आला नाही. पण सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी रक्तीचा डबा उघडला, तेव्हा त्यानं आपल्या डब्याचं रिकामं झाकण माझ्यापुढं धरलं.

त्या रविवारी आईनं अठरा वर्षांनी रक्ती केली. तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली, माझ्या बायकोला कांदा फार जाड चिरल्याबद्दल चार शब्द सुनावले, आणि उकळत्या पाण्यातली वडी काढून बोटानं दाबत मुलीला सांगितलं, "असा आवाज आला पायजे. आत कच्ची राहिली तर हा आवाज येत न्हाई." मुलगी वहीत लिहून घेत होती. 'आवाज' या शब्दाखाली तिनं दोन रेघा ओढल्या.

मुलीनं खाल्ली. दुसऱ्यांदा मागून खाल्ली. आणि मग दुपारभर आई दर थोड्या वेळानं तिच्याजवळ यायची, बाही वर सारायची आणि दंड बघायची.

"आजी, काही नाही झालं."

"हाव, ठाऊक हाय मला. बघू दे."

तिला ठाऊक होतं. माझ्या तोंडून ऐकलं होतं. तरी तिनं सूर्य मावळेपर्यंत पाच वेळा दंड बघितला, मानेवरचे केस बाजूला करून बघितलं, ओठ बघितले. दारात उभा राहून मी ते बघत होतो. पाचव्या वेळी मुलीनं आपणहून दोन्ही हात पुढं केले.

मुलीनं परत गेल्यावर हॉटेलचा तो फॉर्म बदलून घेतला. तिच्या शेफनी विचारलं, अॅलर्जी बरी कशी झाली? ती म्हणाली, "वडिलांना होती. मला नव्हती." हे तिनं मला फोनवर सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात नांदेडला शेजारच्या काकूचा नातू पोलिसात लागला. तिनं बोकडाचं जेवण ठेवलं. निरोप घेऊन ती स्वतः भिंतीवरून डोकावली. "काय गं म्हातारे, हात दुरुस्त झाला म्हणं?" तिला त्या दुपारपासून सगळं ठाऊक होतं, पण तिनं वस्तीत एक शब्द बाहेर काढला नव्हता.

आई रांधायला गेली. मुलगीही हैदराबादहून आली, कमरेला हॉटेलचा एप्रन बांधून. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत चुली मांडल्या होत्या. आईनं मुलीला कालथा दिला आणि मला लसणाचं पोतं. चुलीजवळ मला येऊ दिलं नाही, अजूनही देत नाही. लातूरहून येताना बसमध्ये मी फोनवर एका मोठ्या भाषणाची तयारी करत होतो, तिच्या कौतुकाची. त्याची गरज पडली नाही. जुन्या बायका जमल्या आणि एकीनं आईला विचारलं, "एवढी वर्षं का गं करत न्हवतीस? हाताला काय झालं व्हतं?"

"हाताला काहीच झालं न्हवतं," आई म्हणाली. "ह्याला इचारा."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी लसूण खाली ठेवला, उभा राहिलो आणि सांगितलं. घरमालकाला काय बोललो होतो ते, जिन्यातलं, डॉक्टरचं, सगळं. संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "एवढा शिकला अन् एवढा येडा." दुसरी म्हणाली, "माझ्या लग्नात हिच्याच हातची व्हती रक्ती, अन् माझ्या पोरीच्या लग्नात मिळाली न्हाई, ती ह्याच्यामुळं?" आणि तिनं खरंच माझ्या पाठीत एक बुक्की घातली. आई हसली. त्या दिवसानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा हसली.

पंगत बसली तेव्हा तिनं मला बसू दिलं नाही. रक्तीचं भांडं माझ्या हातात दिलं. "वाढ. सगळ्यांना पुरंल एवढं, थोडं थोडं."

मी वाकून वाढत गेलो. प्रत्येक ताटापाशी थांबून सांगत गेलो, "माझ्या आईनं केलीय. माझ्या आईनं केलीय." चौथ्या की पाचव्या ताटावरच्या म्हाताऱ्यानं माझं मनगट धरून भांडं आपल्या ताटाकडं ओढलं.

"कळलं रे बाबा. वाढ की आता."